मेल्बामावशीचा फ्रीझर आणि माझा ट्रक

३ मार्च, मंगळवार

ही डायरी कोंबडीखाद्याच्या कंपनीनं मालकांना दिली आणि मालकांनी मला. म्हणाले, "यादेर, रोज कुठे किती अंडी टाकलीस ते हिच्यात लिहीत जा." अंड्यांचं मी पावतीपुस्तकातच लिहितो, त्यामुळे ही पानं माझी. तिसरी अर्धी सोडली त्यानंतर एवढं एकदम कधी लिहिलं नव्हतं. बोटं दुखतात.

लिहिण्यासारखं म्हणजे नवा ट्रक आला. डिझेलचा खटारा गेला आणि हा विजेवरचा आला, पांढरा, छोटा, अंड्यांचे तीनशे ट्रे नीट बसतात. आवाज नाहीच. ग्रेसिया गावातली दुकानदारीण म्हणाली, "मांजरासारखा येतोस मेल्या, दचकले ना मी." चढावर दमत नाही, उतारावर थोडी वीज परत पोटात घेतो. चालवताना वाटतं की मी कोणीतरी आहे. सीमेपलीकडून, सोमोतिलोहून इथे आलो त्याला चार वर्षं झाली. अननसाच्या शेतात राबलो, कॉफी तोडली, बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली होतो, पण आठ महिन्यांवर कुठे टिकलो नाही. माझ्या पायांना जागा लगेच जुनी होते. ह्या ट्रकवर मात्र राहावंसं वाटतं, कारण तो स्वतःच हलत असतो.

त्रास एकच. दुपारी पेट्रोलपंपामागच्या फास्ट चार्जरवर पाऊण तास उभं राहायचं, आणि पुढे गाड्या असल्या तर दोन तास. युनिटला एकशे नव्वद कोलोन. रोजची तीस युनिटं लागतात. संध्याकाळी मालकांनी पावत्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या आणि म्हणाले, "हा डिझेलपेक्षा स्वस्त म्हणून घेतला होता, का डिझेलएवढाच म्हणून?"

५ मार्च, गुरुवार

आज चार्जरवर माझ्यापुढे निळी मोटार होती. तिचा मालक टक्कलवाला, गळ्यात टाय. माझ्या ट्रकमध्ये डोकावून म्हणाला, "इथे उन्हात उभा राहिलास तर पिल्लं निघतील आतून." मी हसलो. हसावं लागतं. माझं बोलणं सीमेपलीकडचं आहे हे कळलं की लोक मला दोन विनोद जास्त ऐकवतात.

मग तो आपणहूनच बोलायला लागला. "मी लांब निघालो तरच इथे येतो. एरवी घरी लावतो. निम्म्याहून कमी पडतं."

"घरच्या साध्या विजेवर चालतं?"

"हळू भरते. पण तू तेव्हा झोपलेलाच असतोस ना? मी तर त्याच्यासाठी वेगळा मीटर घेतलाय, त्याचा रात्रीचा भाव वेगळा असतो."

ते वेगळ्या मीटरचं मला नीट कळलं नाही. वीज ती वीज, एकाच तारेतून येते.

आमच्या घरमालकीण एर्मिंदाबाई दर महिन्याचं बिल स्वतःच्या दाराबाहेर खिळ्याला लावतात, म्हणजे कोणी म्हणायला नको की लपवलं. आल्या आल्या ते वाचलं. अगदी वरच्या ओळीत भाव आहे, युनिटला पंच्याहत्तर. त्याच्याखाली एकशे वीस आणि दीडशे अशा आणखी दोन ओळी आहेत, त्या कारखानेवाल्यांच्या असाव्यात. सगळ्यांना एकच छापील कागद पाठवत असतील.

एकशे नव्वद कुठे आणि पंच्याहत्तर कुठे. तेव्हापासून तेच आकडे डोक्यात.

८ मार्च, रविवार

आमच्या इथे सहा खोल्या, एक अंगण, एक नळ, एक मीटर. वीजबिल वाटायची पद्धत एर्मिंदाबाईंच्या नवऱ्यानं घालून दिली, ते गेले तरी तीच चालू आहे. प्रत्येक दारावर खडूच्या रेघा असतात. दिव्याची एक, टीव्हीच्या दोन, पंख्याच्या दोन, शेगडीच्या तीन, फ्रीझरच्या सहा. सगळ्या दारांवरच्या मिळून छत्तीस. बिल आलं की छत्तीसनं भागायचं. गेला महिना एका रेघेमागे हजार आले. माझ्या दारावर तीन रेघा, दिवा आणि पंखा. सगळ्यात जास्त मेल्बामावशीच्या, दहा. तिचा फ्रीझर आहे ना. चिंचेच्या, अननसाच्या, नारळाच्या रसाच्या गोठवलेल्या कांड्या ती शाळेच्या फाटकापाशी विकते. त्याच्यावर तिची खोली, तिचं जेवण, सगळं.

आज रविवार म्हणून सगळे अंगणात होते. मी विषय काढला. मागच्या भिंतीला वेल्डिंगचं मोठं सॉकेट आहे, एर्मिंदाबाईंचा नवरा गेल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही. तिथे ट्रक लावू द्या म्हटलं.

चेपे लगेच म्हणाला, "ट्रकच्या रेघा किती काढायच्या बाई? दाराला जागा पुरायची नाही, शेजारच्यांची भिंत मागावी लागेल." चेपे औषधाच्या दुकानाबाहेर पहारेकरी आहे. दिवसभर गप्प उभा असतो, ते सगळं घरी येऊन बोलतो.

"रेघा नकोतच," मी म्हणालो. "मी त्याला वेगळा छोटा मीटर बसवतो, माझ्या खर्चानं. त्याच्यावर जेवढी युनिटं येतील तेवढ्यांचे पैसे मी आधी भरणार, बिलात छापलेल्या भावानं. उरलेलं बिल तुम्ही नेहमीसारखं रेघांवर वाटून घ्या."

एर्मिंदाबाईंना काही पटत नव्हतं. त्या वेल्डिंगच्या सॉकेटकडे असं बघत होत्या, जणू नवराच तिथे उभा आहे.

मग मेल्बामावशी बोलली. "द्या हो त्याला लावू. मोजून देतो म्हणतोय पोरगा. आणखी काय पाहिजे?"

तिच्या शब्दाला इथे वजन आहे. नऊ वर्षं राहते. एर्मिंदाबाईंचे गुडघे दुखतात म्हणून बिल भरायलासुद्धा तीच जाते. मी अननसाच्या शेतातून तापानं फणफणून आलो होतो तेव्हा माझं नावगाव न विचारता तिनं तीन आठवडे भात आणि घेवडा खाऊ घातला. ती चिनांदेगाची. म्हणजे आमच्या बाजूचीच.

एर्मिंदाबाई म्हणाल्या, "मेल्बा म्हणते तर लाव."

९ मार्च, सोमवार

मालकांना सांगितलं. त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याशी उभ्या उभ्याच हिशेब केला आणि म्हणाले, "फास्ट चार्जरला महिन्याचे दीड लाखाच्या आसपास जातात. मी तुला एक लाख देतो, ठोक. त्यात भागव. उरले तर तुझे, कमी पडले तरी तुझे. पण फास्ट चार्जरची पावती मला पुन्हा दिसता कामा नये." हात पुढे केला. मी मिळवला.

महिन्याला सातशे ऐंशी युनिटं, पंच्याहत्तरनं अठ्ठावन्न हजार पाचशे. हाती उरतात साडेएकेचाळीस हजार. दोनदा करून बघितलं, तेवढेच येतात. आईच्या घरावर पत्रे नाहीत, ताडपत्री आहे. तीन महिन्यांत पत्रे होतील.

२१ मार्च

बारा दिवस फास्ट चार्जरचं तोंड बघितलेलं नाही. सकाळी ट्रक पूर्ण भरलेला असतो. दुपारचा तो वेळ वाचतो म्हणून आतेनास गावातली चार दुकानं जास्त होतात. मालक मला "इंजिनियर" म्हणायला लागले. चेष्टेनंच, पण म्हणतात.

१० एप्रिल, शुक्रवार

बिल आलं. मी आधी माझा मीटर वाचला, बरोबर सातशे ऐंशी, आणि अठ्ठावन्न हजार पाचशे मोजून एर्मिंदाबाईंच्या हातात ठेवले. उरलेलं छत्तीसनं भागलं तर एका रेघेमागे सव्वीसशे आले. हजाराचे सव्वीसशे.

मग चेपे म्हणाला, "यादेर, तुझं मांजर चोरून दूध पीत नाही ना?"

मी वही दाखवली. त्यानं फोनवर गुणाकार करून बघितला. "चोख आहे," म्हणाला. "कोलोनभरही कमी नाही."

मलाही भुर्दंड पडला, तीन रेघांचे तीन हजार जायचे तिथे जवळजवळ आठ गेले. पण मेल्बामावशीचे दहाचे सव्वीस झाले. तिनं पैसे दोनदा मोजले आणि दिले. गरमी फार आहे, सगळ्यांचे पंखे रात्रभर चालू असतात, त्याचंच असणार.

१२ एप्रिल, रविवार

मावशी सकाळी मक्याची भाकरी आणि कॉफी घेऊन दारात आली. म्हणाली, "यादेर, तुझा तो छोटा मीटर एक दिवस माझ्या फ्रीझरला लावून बघ ना. किती खातो ते कळेल. तुझं तुलाही कळेल."

माझं मला काय कळायचं राहिलंय, ते काही मी विचारलं नाही. मीटर सॉकेटला पक्का बसवलाय, काढून लावायला अर्धा दिवस जातो. पुढच्या रविवारी नक्की लावतो म्हटलं.

"विसरू नकोस."

"नाही मावशी."

१९ एप्रिल

कालच बांधकामावरचे जुने दोस्त आले आणि समुद्रावर चल म्हणाले. पहाटेच्या बसनं पुंतारेनासला गेलो. दोन महिने एका जागी होतो, पाय नुसते वळवळत होते. तळलेले मासे खाल्ले, पाठ भाजून घेतली. परत आलो तेव्हा मावशी अंगणात रसाच्या पिशव्या भरत बसली होती. "मजा आली?" एवढंच म्हणाली. मीटरची आठवण मला झोपताना झाली. पुढच्या रविवारी.

२६ एप्रिल

एका कोंबडीफार्मवर आजार आला म्हणून रविवारीही फेरी. राहिलंच.

११ मे, सोमवार

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही, पण लिहितो.

पुन्हा तेवढंच बिल. मी माझे मोजून दिले. रेघेमागे पुन्हा सव्वीसशे. पाऊस सुरू झालाय, पंखे बंद आहेत, त्यामुळे गरमीचं नाव घ्यायची सोय राहिली नाही. एर्मिंदाबाई खुर्ची घेऊन अंगणाच्या मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "ह्या खोल्यांत कोणीतरी वीज खातंय. यादेर, तुला ह्यातलं समजतं. तूच सांग, कुठे जाते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी असं विचारलं, समजणाऱ्या माणसाला विचारतात तसं. मी उगाच सॉकेटपाशी गेलो, तारांवरून नजर फिरवली, परत आलो. म्हणालो, "जुनी यंत्रं फार खातात. त्या फ्रीझरचं रबर गेलंय, झाकण नीट बसत नाही. रात्रभर गुरगुरत असतो."

खोटं काही नव्हतं. रबर गेलेलंच आहे.

मावशी नळाशी होती. हात ओले. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता भांडेल. चेपेला ती एकदा पाण्याच्या बादलीवरून अर्धा तास बोलली होती. पण तिनं नळ बंद केला.

एर्मिंदाबाई म्हणाल्या, "मेल्बा, नऊ वर्षांची ओळख आहे म्हणून घालवत नाही. पण फ्रीझर बंद कर. नाहीतर खोली बघ दुसरी."

"करते बंद," मावशी म्हणाली.

तिनं वायर काढली, तशी ती घरघर थांबली आणि अंगण एकदम रिकामं वाटलं. मग तिनं आतल्या सगळ्या कांड्या टोपलीत काढल्या आणि दारोदार वाटल्या. शंभराच्या वर असतील. माझ्या हातात चिंचेची दिली. "खा," म्हणाली, "वितळायच्या आत." मी खाल्ली. दुसरं काय करणार होतो?

१३ मे

मावशी बर्फवाल्याकडून लादी आणते, थर्माकोलच्या खोक्यात कांड्या ठेवते. दहापर्यंत टिकतात. मधल्या सुट्टीत पोरं येतात तोवर पाणी झालेलं असतं. मी म्हटलं, शेगडी आहे ना, भाकऱ्या करून विका. ती म्हणाली, "फाटकापाशी भाकरीवाल्या चार आहेत आधीच." तिनं माझ्याकडे बघून सांगितलं नाही, खोक्याकडे बघून सांगितलं.

आईला पत्र्यांचे पैसे पाठवले. अर्धे पत्रे ठोकून झाले म्हणते.

१० जून, बुधवार

फ्रीझर बंद होऊन महिना झाला. त्याच्या सहा रेघा पुसल्या, म्हणजे आता तीस रेघा. आम्हाला वाटलं होतं बिल पूर्वीसारखं होईल. थोडंसं उतरलं. पण भागून बघितलं तर रेघेमागे सत्तावीसशे. फ्रीझर नसताना आधीपेक्षा जास्त.

चेपे हसत म्हणाला, "मावशी, आम्ही झोपल्यावर लावता की काय?"

कोणी हसलं नाही. तो विनोदच होता, चेपेचं बोलणंच तसं आहे. पण एर्मिंदाबाई उठल्या, मावशीच्या खोलीत गेल्या आणि फ्रीझरवर तळहात ठेवून बघितला, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी इथे आल्यापासून त्या कुणाच्या खोलीत न विचारता गेल्या नव्हत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "गार नाहीये." पण ते असं म्हणाल्या की गार असता तर बरं झालं असतं.

मावशीनं तिचे चार रेघांचे दहा हजार आठशे दिले. विक्री नाही, तरी दिले.

मी म्हणालो, "मीटर खराब असेल कंपनीचा." कोणी ऐकलं नाही. मलाही काही खात्री नव्हती.

१३ जून, शनिवार

सकाळी निघताना मावशी दार झाडत होती. मी म्हणालो, "मावशी, उद्या रविवार आहे, उद्या तो मीटर नक्की..." ती म्हणाली, "तुला उशीर होतोय. जा."

चारला परत आलो तर खोलीचं दार उघडं. आत काही नाही. फरशी पुसलेली, अजून ओली. फ्रीझर भंगारवाल्यानं आठ हजाराला नेला म्हणे. दुपारच्या बसनं ती उत्तरेकडे गेली, तिकडे तिची चुलतबहीण आहे. एर्मिंदाबाई खुर्चीत बसून होत्या. म्हणाल्या, "मी तिला जा म्हटलं नाही." मी विचारलंच नव्हतं.

मला निरोप काही नव्हता. चेपेला विचारलं. त्यालाही नव्हता.

२२ जून, सोमवार

बिल भरायला आता कोणी नाही, म्हणून एर्मिंदाबाईंनी मला पाठवलं. वीजकचेरीच्या खिडकीत एक तरुण मुलगी, च्युइंगगम चघळत. कागद बघून म्हणाली, "अकराशेच्या आसपास युनिटं? घरात बेकरी आहे का?"

"ट्रक आहे. विजेवरचा."

"अच्छा. मग तो सगळा शेवटच्या ओळीत जातोय."

मी म्हणालो, "आमचा भाव पंच्याहत्तर आहे."

तिनं बिल माझ्याकडे वळवलं आणि पेनानं एकेका ओळीवर टेकवत सांगितलं. तिसरी सोडलेल्यालाही कळेल असं. पहिली दोनशे युनिटं पंच्याहत्तरनं. पुढची शंभर एकशे विसानं. त्याच्या वरची सगळी, कितीही असोत, दीडशेनं. ह्या ओळी कारखान्यांच्या नाहीत. एकाच घराच्या आहेत, एकापुढे एक.

"म्हणजे ट्रक नसता तर?"

"तुमची मार्चआधीची बिलं बघ ना, तीनशे साठ युनिटं. छत्तीस हजारांच्या आसपास."

छत्तीस. एका रेघेमागे हजार.

मागचा माणूस म्हणाला, "भाऊ, शाळा उद्या भरव, पैसे भर." मी भरले. मुलीला विचारलं वेगळा मीटर मिळेल का. तिनं सांगितलं, मिळेल, जागेचे कागद आणि मालकाचं ओळखपत्र आण. जागा अजून एर्मिंदाबाईंच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर आहे, आणि त्याच्या भावांची कोर्टात केस चालू आहे, हे अंगणात सगळ्यांना पाठ आहे.

बाहेर पायरीवर बसून केलं. सातशे ऐंशी गुणिले दीडशे, एक लाख सतरा हजार. मी दिले साडेअठ्ठावन्न. बरोब्बर अर्धे. उरलेले अर्धे त्या रेघांनी भरले. सगळ्यात जास्त मेल्बामावशीच्या रेघांनी. आणि मालकांच्या एक लाखात खरा खर्च मावतच नव्हता, पहिल्या दिवसापासून. तरी मी उरलेले मोजून खिशात घालत होतो. फास्ट चार्जरला दीड लाख जातात, पण ते निदान एकट्या ट्रकच्या नावावर जातात.

किती तरी वेळ पायरीवर बसलो होतो. मग ट्रकमधली उरलेली अंडी टाकायला गेलो.

२३ जून

एर्मिंदाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर दार लोटून घेतलं.

"चेपेला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. सांगितलंस तर तो आजच्या आज तीन महिन्यांचे परत मागेल. त्याच्यामागून बाकीचे. आहेत तुझ्याकडे?"

"आईच्या घराला पत्रे घेतले."

"मग काय, उपटून आणणार?" त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून दीडशेनं दे आणि गप्प राहा. मेल्बाच्या खोलीत नवं जोडपं येतंय, भाडं जास्त देतंय."

"पण मावशी?"

"तिला मी काढलं नाही. ती गेली." हे त्यांनी मला दुसऱ्यांदा सांगितलं, आणि ह्या वेळी मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी बघितलं नाही.

मालकांकडे गेलो. म्हटलं, दीडशेनं पडतं, एक लाखात होत नाही, सतरा हजार वर जातात, मग माझ्या पगारात राहतं काय. ते अंडी उजेडाला धरून तपासत होते. म्हणाले, "हात मिळवला होतास."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मलाही माहीत नव्हतं. पण मी शब्द फिरवत नाहीये." आणखी एक अंडं उचललं. "नसेल जमत तर सांग. ज्याच्या घरी वीज स्वस्त आहे असा ड्रायव्हर मिळेल मला."

आजवर अशा वेळी मी पिशवी उचलली आहे. आजही उचलावीशी वाटली. पण मी गेलो तर कुणाला काय परत मिळणार? नुसता मी सुटलो असतो. राहिलो तरी कुणाला काही मिळत नाही म्हणा.

५ जुलै, रविवार

चुलतबहिणीचा नंबर मिळवायला बारा दिवस लागले. तिनं मावशीचा नवा नंबर दिला. मावशी पितालला कंदांच्या गोदामात कामाला आहे. परदेशी पाठवायचे कंद गार पाण्याच्या टाक्यात उभं राहून धुवायचे, सकाळी सहापासून. चुलतबहीण म्हणाली, पाय सुजतात तिचे. रविवारीही जाते.

दुपारी फोन लावला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"मावशी, मी यादेर."

"बोल पोरा."

मी जे पाठ केलं होतं ते सगळं विसरलो. म्हटलं, फ्रीझर नव्हता तो, ट्रक होता. ओळींचं सांगितलं, दोनशे, शंभर, मग दीडशे. ती ऐकत होती. मधे कुणाला तरी "येते, येते" म्हणाली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "नऊ वर्षं मीच बिल भरायला जात होते. माझा फ्रीझर त्याच बिलात नऊ वर्षं चालला."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हणाले होते की. मोज म्हणाले होते. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघेल तर समजेल, मी सगळ्यांपुढे सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. तू काही मोजलं नाहीस. मग त्या दिवशी तूच उभा राहून फ्रीझरचं नाव घेतलंस. मला वाटलं, तुला समजलंय आणि तू ठरवलंयस."

"मावशी, मला माहीत नव्हतं. आईशप्पथ."

"बरं."

"खरंच नव्हतं."

"बरं म्हटलं ना."

तिनं फोन ठेवला नाही. पैसे पाठवतो म्हणावं तर किती आणि कुठले. आठ हजाराला गेलेला फ्रीझर आता भंगारात तुटलाही असेल. मी पुन्हा म्हणालो की मला माहीत नव्हतं. आवाज माझाच मला खोटा वाटायला लागला.

"यादेर," ती म्हणाली, रागानं नाही, दमल्यासारखी. "समजू या की तुला माहीत नव्हतं. एर्मिंदालाही नव्हतं, चेपेलाही नव्हतं. मग मी रागवू कुणावर, तेवढं सांग."

ती थांबली होती, मी काही म्हणतो का बघत. मग तिकडे तिला कोणीतरी नाव घेऊन हाक मारली, आणि ती गेली.